पैलवानाचा खुबा आणि मिलिटरीची खुर्ची

माझं लग्न लागलं पैलवानाशी, पण संसार केला तो पैलवानाच्या धुण्याशी. वस्तादांचा नियमच होता: लग्न झालं तरी गड्यानं तालमीतच झोपायचं, बायकोच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही, नाहीतर अंगातली रग जाते. त्यामुळे वर्ष उलटलं तरी आमचे हे मला दिसायचे ते जेवायला आल्यावर, तेही पाठमोरे. सासू-सासऱ्यांसमोर दिवसाढवळ्या नवऱ्याशी बोलायची आमच्या औंधाजवळच्या खेड्यात रीत नव्हती. मला भारी राग यायचा. पोरगा तालमीलाच द्यायचा होता तर माझ्या बापाला मांडव कशाला घालायला लावला?

बहात्तरचा दुष्काळ सरून जत्रा पुन्हा नीट भरायला लागल्या होत्या. अशाच एका जत्रेच्या फडात समोरच्या गड्यानं ह्यांचा पाय असा काही पिळला की हे पडले ते उठलेच नाहीत. मांडी जिथं कमरेला मिळते तो सांधा, आम्ही त्याला खुबा म्हणतो, तो गेला. गावच्या हाडवैद्यानं आंबेहळदीचा लेप चोपडला आणि पाय एकदा ओढून बघितला. हे असे ओरडले की त्या दिवशी म्हैस पान्हवली नाही.

मग सांगलीच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, एस्टी लागायची, म्हणून मदतीला मला घेतलं. सासरे मिलिटरीतून पेन्शनीत आलेले, त्यांना मी मामंजी म्हणायची. डॉक्टरांनी फोटो काढला आणि सांगितलं, हाड शाबूत आहे, पण आतला स्नायू फाटलाय. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, आणि दुखणं उतरलं की सकाळ-संध्याकाळ व्यायाम. तो शिकवायला एक बाई होत्या. घरी पाय कोण धरणार, असं त्यांनी विचारलं तर मामंजी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले. बाईंनी सरळ माझा हात उचलून ह्यांच्या गुडघ्यावर ठेवला. सासऱ्यांच्या डोळ्यांदेखत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ह्यांचे ते कुस्तीत मोडलेले कान, तेसुद्धा लाल झाले.

खरी मजा घरी सुरू झाली. भुईवर बसायचं नाही तर बसायचं कुठं? घरात खुर्ची एकच, मामंजींनी मिलिटरीतून आणलेली, घडीची. तलाठी आला तरी तिच्यावर त्याला बसू देत नसत. ती आता लेकाला द्यावी लागली. लेक वर आणि बाप खाली घोंगड्यावर, त्यामुळे येणारा-जाणारा आधी लेकाला रामराम घालायचा आणि मामंजी मिशी चावत बसायचे. परसाकडेची पंचाईत तर त्याहून मोठी. शेवटी सुताराकडून मधे भोक पाडलेलं स्टूल करून घेतलं. रोज सकाळी मामंजी ते बंदुकीसारखं खांद्यावर टाकून पुढं आणि हे काठी टेकत मागं. गावानं पोटभर हसून घेतलं. मग गुडघे धरलेल्या दोन म्हाताऱ्यांनी गुपचूप तसलंच स्टूल सुताराला सांगितलं.

व्यायाम सुरू करायची वेळ आली तेव्हा अडचण झाली ती माझी. नवरा-बायको दिवसा एका खोलीत बसणार कसे? आत्याबाईंनी दार सताड उघडं ठेवायला लावलं. मामंजी उंबऱ्याबाहेर रस्त्याकडं तोंड करून बसले आणि तिथून मिलिटरीतल्या हिंदीत हुकूम सोडायला लागले: पैर उठाव, रोक के रखो, आराम से. हे कुशीवर झोपून वरचा पाय उचलायचे आणि कंबर कलंडू नये म्हणून मी धरून बसायची. पुढं पुढं गुडघ्यांभोवती सायकलची जुनी ट्यूब बांधून तेच. भल्या भल्या गड्यांना आस्मान दाखवलेला माणूस, पण पाय वीतभर उचलला की घामानं निथळायचा. फडातपण असंच कण्हत होतात का, असं मी विचारायची. मामंजी हुकूम सोडत तेवढ्या आवाजाच्या आडोशानं आमचं बोलणं चालायचं.

एकदा ह्यांनी विचारलं, तुझ्या माहेरी कोण कोण असतं गं? लग्नाला वर्ष होऊन गेल्यावर! मी पाय तसाच वर धरायला लावला आणि थोरल्या चुलत्यापासून सगळी भावकी सांगितली. पाय लटलट कापत होता, पण हे खाली घ्या म्हणाले नाहीत. त्या दिवशी मला नवरा आवडला.

आणि तिथंच माझी झोप उडाली. वस्ताद दर बाजाराला येऊन ओट्यावर बसायचे आणि औंधाच्या जत्रेच्या आत गडी परत पाहिजे म्हणायचे. म्हणजे पाय बरा झाला की हे पुन्हा तालमीत, आणि मी पुन्हा धुण्याशी. मी माझ्या हातानंच नवरा घालवायला बसले होते. ट्यूब जरा सैल बांधावी असं कितीदा मनात आलं. पण अर्धवट काम मला जन्मात जमलं नाही. हे भिंतीला धरून आडवे चालायला लागले, विहिरीत पोहायला लागले. मग एका दुपारी कुणी बघत नाही असं समजून त्यांनी माजघरात पुरी बैठक मारली. मी चुलीपाशी होते. बघून इतका आनंद झाला की भाकरी करपली, आणि मग करपलेल्या भाकरीच्या निमित्तानं रडून घेतलं.

पुढच्या बाजाराला वस्ताद नवा लंगोट घेऊनच आले. ह्यांचं काही बोलणं होण्याआधी मामंजी म्हणाले, पाय सूनबाईंनी धरलाय, त्यांनाच विचारा. वस्तादांना ते जड गेलं. बाईमाणसाला विचारायचं म्हणजे काय! पण विचारलं. "काय पोरी, झाला का बरा?"

नाही म्हटलं असतं तर नवरा घरी राहिला असता. पण माझ्या कामात खोट काढायची, तीही माझ्याच तोंडानं? मी पदर सावरून फाडकन म्हणाले, "झालेत. बैठका मारतायत. मी बघितलंय."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. वस्ताद म्हणाले, मग मार की रं एक. हे खुर्चीतून उठून अंगणात आले आणि झपकन खाली बसले, उकिडवे, टाचा टेकून. आणि बसूनच राहिले. वस्तादांनी ऊठ म्हटलं, तरी हलेनात. माझं डोकंच फिरलं. इतक्या दिवसांची मेहनत सगळी पाण्यात? मी तरातरा पुढं झाले, तर ह्यांनी भर उन्हात, सगळ्यांसमोर, माझ्याकडं हात केला.

"हिनं हात दिल्याबिगार मला उठता येत न्हाई, वस्ताद."

वस्तादांनी लंगोटाची घडी उलगडली आणि पुन्हा घातली. आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. मामंजींनी सवयीनं रस्त्याकडं तोंड फिरवलं आणि हुकमाच्या आवाजात म्हणाले, सूनबाई, हात द्या.

मी हात दिला. हे उठले. माझ्या हातावर त्यांचं वजन कणभरही आलं नाही.