आधीच भरलेला शेरा

वहिनींचा फोन आला तेव्हा मी गणवेश चढवत होतो. "अरे, हे गेले..." एवढंच त्या म्हणाल्या. कॅप्टन दामले, माझे सर, नव्या पनवेलच्या घरी आरामखुर्चीत बसल्या बसल्या गेले. जन्मभर वाऱ्याशी झुंजलेला माणूस, आणि त्या दुपारी पनवेलात झाडाचं पान हलत नव्हतं. महिना होत आला, पण विमान उतरवताना वारा वाढला की अजून शेजारी सर असावेत असं वाटतं.

एक्क्याण्णव सालच्या जुलैत मी त्यांचा सहवैमानिक होतो. मुंबईला उतरत होतो, वारा डावीकडून सुटलेला. अशा वेळी विमानाचं नाक वाऱ्याकडे तिरपं ठेवून खाली यायचं आणि चाकं टेकता टेकता सरळ करायचं. ऐकायला सोपं आहे. सरांनी नाक सरळ केलं आणि नेमका झोत आला. डावा पंख उचलला गेला, उजवा झुकला, धावपट्टीची मधली रेघ डावीकडे सरकत गेली आणि कडेचे दिवे माझ्या खिडकीखाली आले. 'गो अराउंड', म्हणजे उतरणं सोडा, पुन्हा वर चला, एवढंच मी म्हणायला हवं होतं. माझी जीभच उचलली नाही. आपटत, फरफटत उतरलो. मागे प्रवासी टाळ्या वाजवत होते.

गाडी आम्हा दोघांना पनवेलला सोडायची. वाशीचा पूल ओलांडला. कळंबोलीला ट्रकांच्या रांगेत अडकलो तेव्हा सर म्हणाले, "घाबरलो होतो रे मी. तू ओरडशील म्हणून वाट बघत होतो. तुझ्यासमोर माघार घ्यायची लाज वाटली."

"मलाही दिसत होतं, सर. पण तुम्ही एवढे सीनियर..."

आमचा ड्रायव्हर बाळाराम पनवेलजवळच्या विचुंबे गावचा, खाडीत होडी घालणाऱ्या घरातला. त्याने आरशातून पाहिलं. "दोघांना बी दिसला, तरी कुनी बोलला नाय? आमची बायको होडीत असली तर शिव्या घालून होडी फिरवायला लावते आमाला."

सर हसले. मला हसू येईना, कारण 'सीनियर' हे अर्धं खोटं होतं. उड्डाणानंतर कॅप्टन सहवैमानिकाबद्दल शेरा लिहीत, आणि माझं कॅप्टन होणं सरांच्या शेऱ्यावर टांगलेलं होतं. मागे दीडशे माणसं बसलेली असताना मी माझ्या बढतीचा विचार करत होतो.

पुढच्या उड्डाणाआधी सरांनी माझ्या हातात कागद ठेवला. शेरा लिहिलेला, खाली सही. "नियमात बसत नाही, पण घे. आता तोंड उघडायला तुझं काही जात नाही." त्यांनी ओळखलं होतं तर... मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग रविवारी त्यांच्या गॅलरीत आम्ही चार-पाच वैमानिक जमू लागलो. विषय एकच, वारा. कोण म्हणे पंख आधीच वाऱ्याकडे झुकवावा, कोण म्हणे नाक शेवटपर्यंत तिरपं धरावं. कोणी फुशारक्या मारू लागला की सर विचारत, "घाबरलास कधी ते सांग. आणि घाबरून किती वेळ गप्प बसलास?"

आता मी कॅप्टन आहे. शेरा मीही आधीच भरून देतो. सरांचं तेरावं झाल्यावरच्या आठवड्यात असाच वाऱ्यात उतरत होतो. शेजारचा नवखा ओरडला, "सर, गो अराउंड!" त्याचं बरोबर होतं, विमान रेघ सोडून चाललं होतं. आणि इंजिनाच्या दांडीवरचा माझा हात हलला नाही. हा कालचा पोरगा मला शिकवणार? असं मनात आलं. एकच क्षण... मग हात पुढे गेला, विमान वर गेलं, दुसऱ्या खेपेला नीट उतरलो. पण कुठल्याही वाऱ्याची वाटली नव्हती एवढी भीती मला त्या क्षणाची वाटते.

परवाच्या रविवारी नव्या पनवेलला गेलो. गॅलरीत वहिनी एकट्याच होत्या. त्यांना सगळं सांगितलं.

"त्या मुलाला सांगितलंस का हे?" त्यांनी विचारलं.

नाही सांगितलं. पण हे छापून येतंय ती वर्तमानपत्राची पुरवणी त्याच्या घरी येते.