दाजींचा तारेचा हूक

आमचे दाजी हिरामण, म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान, सातवी नापास. त्र्याहत्तर साली त्यांनी भिवंडीतल्या कामतघरला चार लूम, म्हणजे यंत्रमाग, टाकले, मी अर्ध्याचा भागीदार. शुक्रवारी लूम बंद. बाकीचे मालक मटण हाणून घोरायचे, आणि हे सायकल मारत शेजारच्या राहनाळ गावी, रिटायर झालेल्या अनंत मास्तरांकडे तत्त्वज्ञान शिकायला. माझ्या डोक्यात जायचं ते. डोंबलाचं तत्त्वज्ञान! धंदेवाल्याला कापड कुठे खपतं ते कळलं की झालं. तोंडावर म्हटलंही तसं. तर म्हणे, मास्तर प्रश्न विचारायला शिकवतात. घ्या.

एका शनिवारी दाजी लूमपाशी तासभर नुसते उभे. कांडीवर गुंडाळलेला धागा संपला की कारागीर नवी कांडी धोट्यात, म्हणजे लूमवर इकडून तिकडे धावणाऱ्या लाकडी होडीत, बसवतो आणि धोट्याच्या भोकाला ओठ लावून धागा ओढून घेतो. भिवंडीत सगळीकडे असंच. पाळी बदलली की त्याच धोट्याला दुसऱ्याचं तोंड.

"खोकणाऱ्याचा पेला आपण तोंडाला लावतो का दामू?" ते म्हणाले. "मंग धोटा कसा लावतो? सगले करतात, हे काय कारन न्हाय."

त्यांनी बारीक तार वाकवून चार हूक केले आणि लूमला एकेक बांधला. हुकाने धागा ओढायला वेळ लागायचा. कापड कमी निघू लागलं, कारागीर हसू लागले. मी म्हटलं, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नका. दाजी ऐकेनात.

मग भातकापणीला ते महिनाभर गावी गेले. शेड माझ्या हाती. मी हूक सोडून डब्यात टाकले. कापड वाढलं, मी खूश. दाजी आल्यावर कापडाचा ढीग दाखवून त्यांनाही गप्प केलं. एका लूमवर पंढरी नावाचा कारागीर पहिली पाळी करायचा, आणि त्याच लूमवर माझा धाकटा भाऊ नामा दुसरी. पंढरी खोकायचा. तंबाखूचा खोकला आहे, असं मी ठरवून टाकलं.

होळीच्या सुमाराला पंढरी गावी गेला तो आलाच नाही. नामाला खोकताना रक्त पडू लागलं. डॉक्टर म्हणाले, क्षय. औषधं झाली, इंजेक्शनं झाली. पुढच्या श्रावणात नामा गेला.

मला रडू आलं नाही. माणसं येत होती, मी चहा देत होतो. तेराव्याला दाजींना एकटं गाठून विचारलं, "दाजी, नामाला धोट्यानंच झालं, कशावरून?"

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या मास्तरांसारखा प्रश्न विचारला होता.

"नक्की न्हाय सांगता येत," दाजी हळू म्हणाले. "पन पंढरीचा खोकला तंबाखूचा हाय, हे तू कशावरून ठरवलंस?"

मी उठून शेडवर गेलो. डबा उघडला आणि हूक परत बांधले, शेवटचा नामाच्या लूमला. त्या लूमवर आलेल्या नव्या कारागिराने विचारलं, शेठ, हे कशाला? मी त्याच्या हातातला धोटा घेतला आणि हुकाने धागा कसा ओढायचा ते करून दाखवलं.