विमान धुवायचं पाणी

लातूर नुकतंच वेगळा जिल्हा झालं होतं आणि त्याच सुमाराला आमच्या आप्पांनी विमान घेतलं. दोन माणसांचं, हैदराबादच्या कुणीतरी वापरून विकायला काढलेलं. आमची डाळमिल होती, दारात ट्रक आणि जीप होती, त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. विमानानं मात्र आम्हाला गावातून वेगळं काढलं. मी कॉलेजला निघाले की अडत बाजारात कुणीतरी मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायचं, "कलेक्टरच्या आधी शेटजीचं इमान आलं." मी ओढणी सारखी करून चालत राहायची.

आप्पा तरुणपणी हैदराबादला उडायला शिकले होते. शहराबाहेरच्या आमच्या मुरमाड रानात त्यांनी रोलर फिरवून धावपट्टी केली आणि कडेला पत्र्याची शेड बांधली. रविवारी ते मला सोबत न्यायचे. माझे हात बारीक, इंजिनाच्या झाकणाखाली कुठंही पोचायचे. प्लग काढून ब्रशनं घासायचे, जुन्या तेलात धातूचा कीस आलाय का बोटावर घेऊन बघायचं, टाकीतलं थोडं पेट्रोल बाटलीत काढून तळाला पाण्याचा थेंब दिसतो का ते उजेडात धरून पाहायचं, हे सगळं मी त्यांच्याकडून शिकले. मला ते फार आवडायचं. मैत्रिणींमध्ये मात्र मी त्यातलं अवाक्षर काढत नव्हते.

मग पावसानं पाठ फिरवली. पेरण्या वाया गेल्या, दुसऱ्या वर्षी तर पेरण्याच झाल्या नाहीत. गल्लीत टँकर आला की भांडणं व्हायची. रानात इतकी धूळ उडायची की इंजिनात हवा जाते ती जाळी सारखी झटकावी लागायची. आप्पा म्हणायचे, इंजिनातून उडालेल्या तेलावर धूळ बसून राहिली की पत्रा खराब होतो, धुवायलाच पाहिजे. मिलच्या विहिरीला तेवढं पाणी होतं. गड्यानं बैलगाडीवर टाकी आणायची, आप्पांनी पाइप धरायचा आणि मी फडक्यानं पंख पुसायचे.

शेजारच्या वस्तीतल्या बाया एका रविवारी घमेली, पातेली घेऊन आल्या. शेपटाखाली, पंखांखाली त्यांनी ती लावली. "जनावरांपुरतं गोळा करतो, शेटजी," एक जण म्हणाली. आप्पा म्हणाले, "घ्या की." त्यात माझ्या वर्गातली एक मुलगी होती. मी पंख पुसत होते आणि त्याचं काळपट पाणी तिच्या घमेल्यात पडत होतं. आमची नजरानजर झाली. त्या दिवशी मी घरी आईला म्हणाले की मी आता शेडवर जाणार नाही. आई म्हणाली, "तुझ्या आप्पाला सांग." ते मला जमलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आप्पांना नांदेडला एका व्यापाऱ्याकडे जायचं होतं. मला सोबत घेतलं. अहमदपूर मागं पडलं आणि इंजिनाचा आवाज बदलला. खोकल्यासारखं करायचं, धरायचं, पुन्हा खोकायचं. आप्पांनी दोन-तीन खटके मागेपुढे केले. मग शांतपणे म्हणाले, "पट्टा आवळ." काळ्या रानात उतरलो असतो तर भेगांत चाकं गेली असती. त्यांना एक सपाट गायरान दिसलं. इंजिन पुरतं बंद पडलं आणि आम्ही नुसत्या वाऱ्याच्या आवाजात खाली आलो. दगडांवरून आदळत, हिसके खात विमान थांबलं.

माणसं धावत आली. सगळ्यात आधी एक मावशी आली, डोक्यावर घागर घेऊन. कुठल्या तरी लांबच्या विहिरीवरून ती परतत होती. तिनं घागर खाली ठेवली, तांब्या भरला. "आधी पाणी प्या. मग सांगा काय झालं ते." आप्पा प्यायले. मी ओठ ओले करून तांब्या परत केला. "पी की बाई, उलीसंच प्यायलीस," म्हणत तिनं तो पुन्हा माझ्या हातात दिला.

मग आप्पा आणि मी दुखणं शोधायला लागलो. पेट्रोल बाटलीत काढलं, स्वच्छ होतं. प्लग ठीक होते. मी आप्पांच्या खांद्याचा आधार घेऊन वर चढले आणि टाकीचं झाकण फिरवलं, तर फुस्स करून हवा आत ओढली गेली. टाकीत हवाच जात नव्हती, म्हणून पेट्रोल खाली उतरत नव्हतं. पंखाखाली हवेची एक बारीक नळी असते. तिच्या तोंडाला बोट लावलं तर टणक लागलं. आप्पांनी तार घालून कोरलं. सुकलेली माती पडली, आणि तिच्यात एक मेलेली अळी.

एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं ती ढेकळी तळहातावर घेतली. "कुंभारीण माशीचं घर हाय हे. पर असल्या वक्ताला हिला वला चिखल गावला कुठं? आमच्या इहिरीच्या तळाला बी न्हाई."

लोक हसले. शेडपुढचा चिखल माझ्या डोळ्यांसमोर आला. आप्पांनी काहीतरी खोटं सांगावं, नदीचं, तळ्याचं, असं मला मनापासून वाटलं.

"आमच्याकडंच," आप्पा म्हणाले. "हे धुतो आम्ही. तिथं चिखल होतो."

"पाण्यानं धुता?" मावशीनं विचारलं.

"हाव."

"पिण्याच्या?"

"विहिरीच्या," आप्पा म्हणाले. मग घागरीकडे बघून, "पिता येतं ते."

मावशीनं चुंबळ डोक्यावर नीट बसवली आणि घागरीला हात घातला. मी उचलू लागायला पुढं झाले. "राहू दे बाई," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

तरीही त्या माणसांनी वाटेतले दगड वेचून दिले. आप्पांनी इंजिन बराच वेळ जागेवर चालवून पाहिलं. वजन कमी हवं म्हणून ते एकटेच उडाले आणि मी रस्त्यावर येऊन एसटी धरली. शेजारच्या बाईनं विचारलं, "कुठून आलीस गं?" मी म्हणाले, "पाहुण्यांकडून."

पुढच्या रविवारी टाकी आली नाही. आप्पांनी गड्याला सांगून मिलच्या विहिरीवरचं कुलूप काढलं, वस्तीतल्या बाया तिथं यायला लागल्या. विमान आम्ही रॉकेलच्या फडक्यानं पुसत राहिलो. त्या गायरानाबद्दल आप्पा घरात कधी बोलले नाहीत. पाऊस झाला तोवर पत्र्यावर पांढरे डाग धरले होते, आणि आप्पांची उडायची हौसही सरली होती.

ते विकलं गेलं तेव्हा पंख सोडवून ट्रकवर चढवले. आप्पा मिलमध्येच थांबले. बोल्ट सोडवून द्यायला मी गेले होते. ट्रक हमरस्त्याला लागला तसं मला एकदम मोकळं वाटलं. आता बाजारातून मान वर करून जाता येईल, हाच विचार आधी आला. संध्याकाळी आप्पांनी विचारलं, "नीट बांधलं होतं ना?" मी हो म्हणाले, पण त्यांच्याकडे बघायचा मला धीर झाला नाही.