गाठ नसलेले मोजे

"तोंड नंतर, आधी पाय."

हवालदारकाका कुणाच्याही घरी आले की ओटीवर बसायच्या आधी हे म्हणायचे आणि समोरच्याच्या पायांकडे बघायचे. मग तो पाहुणा असो की लग्नाची पत्रिका द्यायला आलेला नवरदेव. एकदा फादरांनाही ते म्हणाले, "फादर, उजव्या करंगळीला बूट चावतोय. एक नंबर मोठा घ्या." फादर लाजले. पण पुढच्या रविवारी त्यांची चाल सुधारलेली आम्ही सगळ्यांनी पाहिली.

नंदाखालला आमच्या घरामागे त्यांची केळीची वाडी होती. फौजेतून परत आल्यापासून ते त्या वाडीत एकटेच राहायचे. लग्न केलं नव्हतं. भरघोस मिशा, कडक इस्त्रीचा शर्ट आणि खाली अनवाणी पाय. कोणी विचारलं तर म्हणायचे, "वीस वर्षं बुटात काढली त्यांनी. मला पेन्शन मिळाली, मग पायांना नको?"

गावात लग्न ठरलं की ते नवरीच्या घरी जायचे. तुम्ही पाहिलं असेल, नवीन पांढरे बूट घालून नवऱ्या चर्चमध्ये कशा लंगडतात. काका नवरीला बापाचे मोजे घालायला लावायचे, वरून ते पांढरे बूट, आणि आठवडाभर विहिरीभोवती फेऱ्या. त्या काळात आमच्या गल्लीतली एकही नवरी लंगडली नाही.

मी चौथीपर्यंत शिकलेली. घरी बसून शिवणकाम करायची. कोणी आलं की दारामागे जायची मला सवय. काकांनी माझं तोंड क्वचितच पाहिलं असेल. पण दाराखालच्या फटीतून माझे पाय त्यांना दिसत असावेत, कारण ते सरळ दाराशी बोलायचे. "बाय, चहात साखर कमी टाक."

माझा धाकटा भाऊ इनास. बाबा गेल्यावर घरात कमावणारं तसं कोणी नव्हतं. अठ्ठ्याहत्तर साल असेल, एका मोठ्या कारखान्यात आगीच्या बंबावर माणसं घेत होते. बंबावरच्या माणसाला बूट घालूनच पळावं लागतं, म्हणून परीक्षाही तशीच, बुटात सहा मैल. पहिल्या वेळी इनास मित्राचे बूट घालून पळाला आणि चौथ्या मैलाला रस्त्याच्या कडेला बसला. घरी आला तेव्हा दोन्ही टाचांची सालं निघालेली. कारखान्याने महिन्याभराने पुन्हा बोलावलं होतं, पण ते शेवटचं. पुढच्या वर्षी त्याचं वय बसत नव्हतं.

आईने त्याच्यासाठी नवीन बूट घेतले आणि कागदात गुंडाळून पेटीत ठेवले. आमच्याकडे नवी वस्तू आधी चर्चला जाते. भरतीच्या दिवशी चर्चमधल्या पहाटेच्या मिस्सेला बूट घालायचे आणि तिथूनच पळायला जायचं, असं आईने ठरवलं होतं. आम्हा कोणालाच त्यात काही चूक दिसली नाही.

काका इनासच्या टाचा बघायला आले. आईने मोठ्या अभिमानाने पेटी उघडून बूट दाखवले. तळाला धूळसुद्धा नव्हती.

"हे कधी घालणार?"

"भरतीच्या दिवशी. अगदी कोरे ठेवलेत."

काकांनी कपाळाला हात लावला. "अहो वहिनी, बूट म्हणजे काय पाव आहे, ताजा ताजा खायला?"

जखमा सुकल्याबरोबर त्यांनी इनासला बुटांसकट वाडीच्या पाटात उभं केलं. चामडं भिजलं की त्याच ओल्या बुटांनी, ते पायावर सुकेपर्यंत चालायचं. आई काठावर उभी राहून क्रूस करत होती. "नव्या बुटांचं वाटोळं केलंत, भावजी!"

"वाटोळं नाही वहिनी. बुटाला पाय कसा आहे ते शिकवतोय."

मग टाचेच्या चामड्याला खोबरेल. नखं सरळ कापलेली. टाचेवर सुकी साबणाची वडी घासलेली. आत पातळ मोजा उलटा, म्हणजे शिवण बाहेर राहते. त्यावर जाड मोजा सुलटा. नाडी घोट्याशी घट्ट, बोटांशी सैल. रोज सकाळी इनास किनाऱ्याच्या रस्त्याला पळायचा आणि बाजूने काका अनवाणी सायकल मारायचे, "एक-दो-एक!" ओरडत. त्यांचं एकच पालुपद असायचं, "फोड यायच्या आधी पाय कळवतो. जळजळ झाली ती चिठ्ठी. तेव्हाच थांब आणि मोजा नीट कर. चिठ्ठी वाचली नाहीस तर तार येते!"

तरीही शेवटच्या आठवड्यात इनासच्या डाव्या टाचेवर लाल डाग उठला. रोज त्याच जागी. काकांनी बूट पाहिला, नाडी पाहिली. मग मोजा उलटा करून बोट फिरवलं आणि थांबले.

"हा मोजा कोणी रफू केला?"

मी दारामागे होते. तो मीच केला होता. भोक मोठं होतं, म्हणून चांगली पक्की गाठ मारली होती. माझ्या हाताने भावाची नोकरी जाणार, असं वाटून माझे पाय आपोआप मागे सरकले. ते त्यांना दिसले असणारच.

ते रागावले नाहीत. दाराला म्हणाले, "बाय, हात तुझा फार सफाईदार आहे. गाठ तेवढी नको. ही आता मोहरीएवढी आहे. तिसऱ्या मैलाला हरभरा होते आणि पाचव्याला सुपारी. सुई दे इकडे."

मी दारातून हात काढून सुई दिली. एवढ्या मिशांचा माणूस आमच्या ओटीवर मांडी घालून मोजा रफू करत बसला. दोरा लांब सोडायचा, उभा-आडवा विणत न्यायचा, शेवट विणीतच लपवायचा. मी बघता बघता दारामागून अर्धी बाहेर आले. त्या दिवशी मी इनासचे सगळे मोजे उसवून पुन्हा रफू केले.

भरतीच्या दिवशी इनास दुपारी परत आला. आई विचारत होती, तो पायरीवर टेकला. काका ओटीवरच बसले होते. "आधी बूट काढ," ते म्हणाले. इनासने बूट काढले, दोन्ही मोजे काढले. काकांनी टाचा हातात घेऊन उजेडाकडे वळवल्या. एक डाग नव्हता.

"पाय पास झाले. आता तुझं सांग."

"मीपण," इनास म्हणाला, आणि मग त्याला हसू आवरेना. आईने काकांना टोपलीभर सुकेळी, उन्हात वाळवलेली केळी, दिली. त्यातली अर्धी त्यांनी तिथेच बसून संपवली.

त्यानंतर सहा-सात वर्षांनी काका एका दुपारी वाडीतल्या खाटेवर पडले ते उठलेच नाहीत. सकाळी त्यांनी केळींना पाणी सोडलं होतं, तो पाट अजून ओला होता.

त्यांची बहीण आली. काकांना पुरताना घालायच्या कोटाचं बटण तुटलं होतं, म्हणून मला बोलावलं. पेटीत खाली त्यांचे फौजेचे बूट निघाले, कागदात गुंडाळलेले, चकचकीत. आमच्याकडे माणसाला अनवाणी पुरत नाहीत. पण इतकी वर्षं न घातल्याने बुटांची टाच दगडासारखी झाली होती. मी घरी जाऊन खोबरेल आणलं आणि चामडं मऊ होईपर्यंत चोळत बसले. मग मोजे चढवायला घेतले. आत पातळ, वर जाड.

"अगं, आतला उलटा घातलास," त्यांची बहीण म्हणाली.

खोली माणसांनी भरलेली होती. दारामागे जायला जागा नव्हती. मी सगळ्यांसमोर बोलले, "त्यांना लांब जायचंय. शिवण आत नको."

इनास कारखान्यातून तसाच धावत आला होता, बंबाचे बूट पायात. तो डोळे पुसत हसला आणि काकांच्या बुटाची नाडी बांधायला खाली बसला.

"घोट्याशी घट्ट," मी त्याला म्हटलं, "बोटांशी सैल."