बटण नसलेला पियानो

गेल्या शनिवारी कलबुर्गीला गेलो होतो. एका शाळेत प्रार्थनेला पियानो वाजवणारा माणूस हवा होता, आणि मी दहावी नापास... बाहेर बाकावर बसलेल्या बाकी चौघांच्या हातात पदव्यांच्या फायली होत्या. माझ्या हातात वही.

तीन वर्षं झाली, हळ्ळीखेडला घरी कीबोर्डवर रोज सकाळी एक छोटा तुकडा रचतो. मिनिटभराचाच. सूर वहीत लिहितो, खाडाखोड झाली तर पान पुन्हा लिहून काढतो.

सोबत आमच्या गाण्याच्या पार्टीतले ढोलकीवाले सिद्धार्थ अण्णा होते. म्हणाले, "पाय कामून हलवायलास?"

"ताल धरायलोय, अण्णा."

"कुठला ताल रं हा, पळून जायचा?"

आत शाळेच्या मुख्याध्यापिका मॅडम एकट्याच होत्या. त्यांना वही दाखवली, रोजचं सांगितलं आणि बसलो. खरा पियानो आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. सगळ्यात आवडता तुकडा सुरू केला... आणि दुसऱ्याच ओळीत थांबलो. बोटं बरोबर पडत होती, पण सूर भलताच खाली. माझाच तुकडा मला परका वाटायला लागला.

मग लक्षात आलं. आमच्या कीबोर्डला सूर चढवायचं बटण असतं. गायक कितीही उंच गाऊ दे, आम्ही बोटं बदलत नाही, बटण दाबतो. माझे सगळे तुकडे तसेच सूर चढवून रचलेले... पियानोला बटणच नाही.

पुन्हा सुरू केलं, पुन्हा अडलो. शेवटी खरं काय ते सांगून टाकलं आणि वही उचलली.

"बस की," मॅडम म्हणाल्या. "रोज एक करतोस म्हणालास. आजचा झाला का?"

"न्हाई मॅडम. पहाटेच्या बसनं आलो."

"मग कर. मी थांबते."

खरंच थांबल्या. मी खालचा एक सूर दाबला, तो विरेपर्यंत ऐकला. मग त्याच्या शेजारचा... दहा मिनिटं तरी गेली असतील. चार ओळी जमल्या. वाजवताना एकदा चुकलोही.

मॅडमनी एवढंच विचारलं, "सोमवारपासून येशील?"

नोकरी लागली, आनंद आहेच. पण परतीच्या बसमध्ये दुसरंच मनात येत होतं... मी शाळेत होतो तेव्हा, मला उत्तर सापडेपर्यंत असं कुणी थांबलं नव्हतं.