आप्पा मिस्त्रींची चार बोटं

आप्पा मिस्त्रींकडे कुठलंही काम घेऊन गेलं की पहिलं उत्तर 'नाही' असायचं. गाडीकडे न बघताच ते अहिराणीत म्हणायचे, "जमाव नही." नवं गिऱ्हाईक तिथूनच मागे फिरायचं. जुन्यांना माहीत होतं की या 'नाही'नंतर गप्प उभं राहायचं. चार-पाच मिनिटांनी आप्पा समोरच्या टपरीकडे हात वर करत. चहा आला की काम घेतलं असं समजायचं. 'नाही' झालं आणि चहा येईना, असं मी बारा वर्षांत एकदाच पाहिलं. त्याला कारण मी होते.

आप्पा अमळनेरकडचे. सुरतेला आले ते लूमवर. वीस वर्षं मागांच्या खडखडाटात उभं राहून त्यांचे कान अर्धे गेले, तेव्हा लूम सोडून त्यांनी डिंडोलीत पत्र्याचं गॅरेज टाकलं. बाकीचे मिस्त्री आवाज ऐकून गाडीचं दुखणं ओळखतात. आप्पांना ती सोय नव्हती, म्हणून ते बोटांनी ओळखत. टायर आणि त्याच्या वरचा पत्रा यांच्यामधे हाताची चार बोटं आडवी घालायची आणि डोळे मिटायचे. "डावी मागची स्प्रिंग बसली," असं सांगायचे आणि ती बसलेली असायची. कान गेल्यामुळे ते स्वतः फार मोठ्याने बोलत आणि त्यांच्याशीही ओरडूनच बोलावं लागे. त्यांच्या गॅरेजात कोणाचंही गुपित टिकत नसे.

माझी गाडी लहान, पांढरी, सेकंडहँड. मार्केटमधून साड्यांचे गठ्ठे आणायचे, डिंडोलीतल्या बायकांना लेस लावायला वाटायचे आणि तयार माल परत पोचवायचा, एवढंच तिचं काम. ती चालते की नाही याच्याशी माझा संबंध. दिसते कशी, याच्याशी नाही. पण माझी मुलगी हेतल सचिन औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तपासणी विभागात लागली आणि पहिल्या पगारात तिने गाडी खाली बसवायच्या चार लाल स्प्रिंगा मागवल्या. मला न विचारता.

"मम्मी, गाडी नीची होय ने, तो मस्त लागे!"

"मस्त लागायला ती काय लग्नाला उभी राहिली आहे?" मी म्हटलं. पण पोरीच्या पहिल्या पगाराच्या स्प्रिंगा. परत पाठव म्हणायला जीभ रेटेना. म्हटलं, आप्पाच नाही म्हणतील.

आप्पा म्हणालेच. खोकं उघडून एक स्प्रिंग हातात घेतली, उंची बघितली आणि हेतलला म्हणाले, "पोरी, ही गाडी शे का पाट? मांडी घालीसन बसशी का?"

हेतलही मागे हटणारी नाही. तिने ओरडून सांगितलं, की गाडी खाली आली तर वळणावर झुकत नाही, आणि मम्मीला डिकीत गठ्ठे टाकायला कमी उंच उचलावे लागतील. शेवटचा मुद्दा आप्पांना पटला असावा. टपरीकडे हात वर गेला. मी कपाळावर हात मारला.

दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. जुनी स्प्रिंग दोन्ही बाजूंनी आकडे लावून दाबून धरतात, मग काढतात. तेव्हा आप्पा सगळ्यांना लांब उभं करत. "दबलेली स्प्रिंग म्हणजे सासरी गप्प बसलेली सून. सुटली की कोणाचं थोबाड फोडेल, सांगता येत नाही." लाल स्प्रिंगा बसल्या, गाडी जमिनीवर आली. मला वाटलं, झालं. पण आप्पांचा एक नियम होता. गाडी रोज जेवढं वजन वाहते तेवढं तिच्यात भरायचं, मग चारी चाकांशी बोटं घालून बघायचं, जी बाजू खाली वाटेल तिथे स्प्रिंगखाली जाड रबरी चकती घालायची आणि त्यानंतरच शेवटचे बोल्ट आवळायचे. "रिकामी गाडी सगळ्यांचीच सरळ उभी राहते, ताई."

मागे गठ्ठे भरले. आता चालवणारी म्हणून मी पुढे बसायला हवं होतं, पण मला मार्केटला माल द्यायची घाई होती.

"मग वजन सांगा तुमचं," आप्पा ओरडले. "तेवढे गठ्ठे ठेवतो शीटवर."

गॅरेजात तेव्हा दोन गिऱ्हाइकं होती, टपरीवर चौघे होते आणि शेजारच्या शिवणकामाच्या दुकानातली बाई दारात उभी होती. मी ओरडून सांगितलं, "पंचावन्न!"

हे खोटं नव्हतं. फक्त जुनं होतं. हेतल जन्मली त्या वर्षीचं.

माझा एक गठ्ठा अकरा किलोचा. आप्पांनी मोजून पाच गठ्ठे माझ्या जागी रचले आणि त्यांना सीटबेल्ट लावला. हेतलने वरच्या गठ्ठ्यावर माझा गॉगल चढवला आणि म्हणाली, "मम्मी, आ तो तारा करतां पातळी लागे छे!" माझ्यापेक्षा बारीक दिसते म्हणे. मी रिक्षा केली आणि निघाले.

संध्याकाळी गाडी घेतली. निघताना आरशात पाहिलं, तर आप्पा रस्त्याच्या मधोमध उकिडवे बसून माझ्या गाडीची पाठ बघत होते. मागून टेम्पोवाला हॉर्न मारत होता, तो त्यांना ऐकू येत नव्हता. रात्रीच्या जेवणाआधी त्यांचा फोन आला. "ताई, उजवी बाजू दोन नाण्यांइतकी खाली आहे. गाडी आणा."

नेली. त्यांनी पुन्हा गठ्ठे भरले, पाच गठ्ठ्यांची ताई पुढे बसवली, बोटं घातली. चारी बाजू सारख्या. मी बसून निघाले, की उजवी खाली. तिसऱ्या वेळी त्यांनी डावी-उजवी स्प्रिंग बदलून बघितली. तेच. गॅरेजात सरळ, रस्त्यावर वाकडी.

मला पहिल्या दिवसापासून कारण माहीत होतं. पण दोन नाण्यांच्या फरकाने कोणाचं काय अडतं, असा मी विचार केला आणि कामाला लागले. गठ्ठे खरंच कमी उंच उचलावे लागत होते, हे मान्य. बदल्यात गतिरोधक आला की गाडी तिरकी घालावी लागे आणि माझं डोकं छताला लागे.

पंधरा दिवसांनी ब्रेक तपासायला गेले, तर एक व्हॅनवाला आणि त्याची बायको उभी होती. पुढचे शॉकअप बदलायचे होते. आप्पा म्हणाले, "नाही जमणार." अहिराणीत नाही, नीट मराठीत. मी टपरीकडे बघितलं. टपरीवाल्यानेही आप्पांकडे बघितलं. हात वर गेला नाही.

व्हॅनवाला कंटाळून गाडीत बसू लागला. आप्पा मला म्हणाले, "ताई, हे काम बंद केलं आता. बोटं खोटं सांगायला लागली. नजर म्हणते वाकडी, बोटं म्हणतात सरळ. दोन्हीतलं एक काहीतरी गेलं. कान आधीच गेलेत. मग उरलं काय? पत्र्याला गिऱ्हाईक बघितलंय. गावाला जातो."

मी तशी हळवी बाई नाही. पण बिनचूक काम करणारा माणूस माझ्या अठरा किलोंपायी गॅरेज विकायला निघाला होता. मी म्हटलं, "आप्पा, त्र्याहत्तर."

"काय?"

"माझं वजन. त्र्याहत्तर आहे!"

"काय म्हणता?"

मग मी पोट भरून श्वास घेतला आणि ओरडले. शिवणकामवाली दारात आली. व्हॅनवाल्याची बायको माझ्याकडे बघून पटकन खाली बघायला लागली.

आप्पांनी माझ्या गाडीचं दार उघडून मला बसायची खूण केली. उजव्या चाकाशी उकिडवे बसले, चार बोटं आत घातली, डोळे मिटले. उठले तेव्हा चेहऱ्यावरच दिसलं, बोटांनाही आता उजवी बाजू खाली लागली होती. त्यांनी टपरीकडे हात वर केला.

"केटला?" किती चहा, ते टपरीवाल्याने विचारलं.

"त्र्याहत्तर!" आप्पा तंद्रीतच ओरडले.

व्हॅनवाला खाली उतरला. माझ्या गाडीला नवी चकती बसली आणि ती सरळ झाली. आप्पा मला रागावले नाहीत, फक्त एवढंच म्हणाले, "बैन, डॉक्टर ना आन् मिस्त्री ना पुढे लाजू नही." आठवड्याने भंगारातून वजनाचा काटा आणून त्यांनी दारात ठेवला. त्यानंतर कोणालाही तोंडी विचारलं नाही. बायका चपला काढून काट्यावर चढत, आप्पा आकडा वाचून मोठ्याने सांगत, आणि माझ्या नावाने कोण काय म्हणालं असेल ते मी विचारत नाही.

गेल्या वर्षी ते खरंच गावाला गेले. या वेळी स्वतःच्या मर्जीने. मुलीने तिथे घर बांधलं होतं. स्टेशनवर मीच सोडलं. ट्रंक उतरवली, नमस्कार केला. मी गाडी सुरू केली तर हे समोर नाहीत. मान काढून बघते, तर रिक्षांच्या गर्दीत उजव्या चाकाशी उकिडवे बसलेले, बोटं आत, डोळे मिटलेले.

"आप्पा, गाडी चुकेल!"

ते उठले, पँट झटकली, ट्रंक उचलली आणि स्टेशनभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ताई, पंच्याहत्तर!"

घरी येऊन घरच्या वजनकाट्यावर उभी राहिले. बरोबर होतं.