सातवं प्रकरण आणि आठ कोरी पानं

मी माझ्या बायकोच्या कादंबरीतलं सातवं प्रकरण काढून टाकलं आणि ते तिच्या मैत्रिणीने काढायला सांगितलं, अशी थाप मारली. मग मैत्रिणीला सांगितलं, बायकोने काढलं. चार वर्षं झाली. हे मी कुणाला बोललो नाही — छापखान्यातल्या मशीनलाही नाही, आणि मशीनशी मी बरंच बोलतो.

एवढं सांगून उठता आलं असतं तर बरं झालं असतं. पण खरी घाण अजून खाली आहे. तिथवर जायला मला जरा वेळ द्या.

जळगावात माझा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, कधीमधी कुणा निवृत्त माणसाचं आत्मचरित्र. एकदा तेराव्याच्या पत्रिकेवर माझ्या हातून ‘आपल्या उपस्थितीने आनंद द्विगुणित होईल’ असं छापून गेलं होतं. ही गोष्ट मी स्वतः चौकात सांगतो, लोक पोट धरून हसतात. माझ्या सगळ्या चुकांची मी अशी वाट लावली आहे. ही एकच उरली. हिच्यात हसायची जागा सापडत नाही — शोधली नाही असं समजू नका.

मंगला माझी बायको. शमीम तिची धुळ्याची मैत्रीण. दोघी डी.एड.ला एका खोलीत राहिल्या, दोघी शाळेत शिकवायला लागल्या. पन्नाशी जवळ आली, मुलं पुण्याला गेली, भर थंडीत पंखा लावायची वेळ आली, तेव्हा दोघींनी कादंबरी लिहायला घेतली. दोन मैत्रिणींची. आई होणं, आई असणं, आणि मग एके दिवशी रिकाम्या घरात ‘आता मी कोण?’ म्हणून उभं राहणं. मी म्हणालो, “त्यापेक्षा ज्वारीचे बिबडे करा, कुणी खाईल तरी.” विनोद केला होता. मंगलाने तो ऐकलाच नाही असं केलं. माझ्या विनोदांसाठी तिची ही ठरलेली सोय आहे.

वही एकच होती. महिन्यातून एक-दोनदा दोघी एसटीने पारोळ्याला यायच्या, एक जळगावहून, एक धुळ्याहून. स्टँडच्या बाकावर बसायच्या, चहा, वाचन, भांडण, वहीची देवाणघेवाण, आणि दुपारच्या गाडीने परत. मी म्हणायचो, फोनवर फोटो काढून पाठवा की. मंगला म्हणायची, “तुम्हाला नाही कळायचं.” बरोबर होतं तिचं.

लिहून झाल्यावर मंगलाने अख्खी कादंबरी स्वतःच्या स्वच्छ अक्षरात उतरवली आणि माझ्यापुढे ठेवली. पत्रिकांच्या मधल्या वेळात मीच ती टाइप करायला घेतली. सहा प्रकरणं सुखाने झाली. मग सातवं आलं.

सातव्यात वत्सला नावाची बाई बाळंत होते. नवरा गावात नाही. बाळ दुसऱ्या दिवशी जातं. तिसऱ्या दिवशी नवरा येतो, हातात केळीची फणी. दारात उभा राहतो, घड्याळ बघतो, फणी खाटेवर ठेवतो आणि म्हणतो, “खाली गाडी उभी आहे.”

माझी मुलगी झाली तेव्हा मी चोपड्याला होतो. लग्नसराई होती, पत्रिका पोचवायच्या होत्या. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. हातात काय? केळी. घड्याळही बघितलं असेल, मी बघतोच. म्हणजे हिने पंचवीस वर्षं हे मनात धरलं, आणि आता छापणार? माझ्याच छापखान्यात, माझ्याच बोटांनी? मी संतापलो. खरं सांगू — संतापायला किती बरं वाटतं अशा वेळी.

आता तुम्ही विचाराल, तुमची मुलगी तर धडधाकट आहे ना? आहे. रोज फोन करते. मग गोष्टीतलं गेलेलं बाळ कुणाचं? हा प्रश्न मलाही पडला होता. मी त्याला उत्तर देऊन टाकलं — लिहिणारे लोक थोडं इकडचं तिकडे करतात.

आमच्या धंद्यात पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फॉर्ममध्ये छापतात. कादंबरी भरली होती एकशे शहात्तर पानं, म्हणजे बरोबर अकरा फॉर्म. इतकं नेमकं माझ्या हयातीत काही जुळलं नव्हतं. मी घरी जाऊन म्हणालो, “आठ पानं वर जाताहेत, फॉर्ममध्ये बसत नाहीत. शमीमशी बोललो. ती म्हणाली, सातवं काढा.”

मंगलाने गॅस बंद केला. ओट्याला टेकून उभी राहिली. “तिचं आहे ते,” ती म्हणाली. “तिला नको वाटलं असेल तर नको. मी तिला विचारणार नाही. तुम्हीपण पुन्हा काढू नका तिच्यासमोर.”

मला यातलं काही कळलं नाही. सुटलो, एवढं कळलं. दुसऱ्या दिवशी शमीमला फोन केला, “आठ पानं वर जात होती, मंगलाने सातवं काढलंय.” ती म्हणाली, “बरं, भाऊजी.”

आठ पानं काढल्यावर शेवटचा फॉर्म अर्थातच अर्धा रिकामा राहिला. मागे आठ पानं कोरी सोडली. प्रकाशनाला आलेले प्राध्यापक म्हणाले, ही कोरी पानं म्हणजे बाईचं न लिहिलेलं आयुष्य. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. शमीम आली नव्हती. ताप होता म्हणे.

त्यानंतर पारोळा बंद झालं. दोघींचा फोन ईदला आणि दिवाळीला, तोही तब्येतीपुरता. मंगला दुसरी वही आणून ठेवते, पहिल्या पानावर तारीख घालते, पुढे काही नाही. अशा तीन वह्या झाल्या. मी रोज त्या वह्यांवरची धूळ बघतो, चिडतो, आणि चीड कुणावर काढायची ते न कळून कामगारांवर काढतो. एक वाक्य बोलायचं होतं. चार वर्षांत एक वाक्य जमू नये माणसाला?

गेल्या महिन्यात पत्रिका द्यायला धुळ्याला निघालो. मंगलाने बिबड्यांचा डबा पिशवीत ठेवला. “शमीमकडे द्या. मी दिले असं सांगू नका.”

“मग काय सांगू?”

“सांगा काहीही. तुम्हाला जमतं.”

शमीमचा नवरा वारून दोन वर्षं झाली आहेत. ती चहा टाकायला आत गेली. कपाटावर आमची कादंबरी होती. मी उचलली आणि छापखानेवाल्याच्या सवयीने मागून उघडली. कोरी पानं कोरी नव्हती. बारीक, दाटीवाटीच्या अक्षरात, समाससुद्धा न सोडता सातवं प्रकरण लिहिलेलं होतं. अक्षर मंगलाचं नव्हतं. आणि बाळाला नाव होतं. अयाज.

“माझंच आहे ते,” शमीम कप ठेवत म्हणाली. “अख्ख्या वहीत तेवढं एक प्रकरण मी लिहिलं होतं, बाकी मी नुसती वाचून सुधारायची. मंगलाला म्हटलं होतं, एवढं मनं, बाकी बठ्ठं तुनं. हे तेव्हा सावद्याला केळीच्या ट्रकवर होते. तिसऱ्या दिवशी आले. पोराचं नाव कुठल्याच कागदावर नाही, भाऊजी. पुस्तकात पण नाव नव्हतं घातलं, पण निदान पोरगं तर होतं. मंगलाने तेच काढलं. आठ पानं जास्त होतात म्हणून काढलं, आणि मागे आठ पानं कोरी सोडली. मी मोजली. मी काय समजायचं?”

मला केळी दिसली होती. मूल दिसलं नव्हतं. टाइप करताना त्या मुलाच्या ओळींवरून माझी बोटं गेली होती, आणि मी माझं घड्याळ शोधत होतो.

तिथे बोलायला हवं होतं. डबा मांडीवर, पुस्तक हातात, समोर ती. नाही बोललो. आता हे लिहून काढतोय. छापलं की पहिल्या दोन प्रती बाजूला काढेन — एक आमच्या ओट्यावर ठेवायची, एक धुळ्याला पाठवायची. पुढे काय व्हायचं ते त्या दोघींचं.

पण त्या दिवशी मी काय बोललो तेही लिहितो, नाहीतर ही कबुली अर्धीच राहील. मी हसलो. म्हणालो, “मला आपलं वाटत होतं, तो नवरा म्हणजे मीच.”

शमीमने माझ्याकडे नीट बघितलं.

“तुम्ही?” ती म्हणाली. “अख्ख्या कादंबरीत तुम्ही कुठेच नाही, भाऊजी. मी विचारलं होतं मंगलाला, भाऊजींचं काही घ्यायचं का. ती म्हणाली, त्यांचं काय घ्यायचं? ते असले काय, नसले काय, पान तेवढंच भरतं.”